कच्चा रंग

माझ्या एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षाचं काम एका ओळीत मावतं. कार्बन नॅनोट्यूबच्या, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांच्या, पृष्ठभागावर ॲसिडची प्रक्रिया करायची आणि मग त्या इपॉक्सीत (द्रव रेझिनमध्ये हार्डनर मिसळला की कडक होणारं प्लास्टिक) अशा बसवायच्या की इपॉक्सीने जास्त भार पेलावा. मुंबईतल्या एका कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये या एका ओळीपायी माझे अकरा महिने गेले. त्यातले निम्मे दिवस तरी मी नुसती धूत होते. म्हणून इथेही धुण्याबद्दलच जास्त लिहिणार आहे.

ही पूड पहिल्यांदा पाहिली तेव्हा काजळीच वाटली. एक ग्रॅम मोजला तर दोन-तीन चहाचे चमचे भरतात, इतकी हलकी. स्पॅच्युला जवळ नेला की उडून त्यालाच चिकटते, ग्लोव्हजवर चढते. माझ्याकडच्या ट्यूब अनेक भिंतींच्या होत्या, म्हणजे एकीत एक घातलेल्या नळ्या. दोन भिंतींमधलं अंतर साधारण ०.३४ नॅनोमीटर, बाहेरचा व्यास १० ते २० नॅनोमीटर आणि लांबी १० मायक्रॉनच्या पुढे. नळी बोटाएवढी जाड असती तर लांबीला दहा-पंधरा मीटर भरली असती. सुमिओ इजिमा यांनी १९९१ साली अशा नळ्यांवरचा लेख छापला आणि जगभर कामं सुरू झाली. (त्याआधी १९५२ साली दोन रशियन शास्त्रज्ञांनी अशाच नळ्यांचे फोटो छापले होते, पण तो लेख रशियनमध्येच राहिला.) पोलादाचा ताठपणा २०० गिगापास्कलच्या आसपास असतो, चांगल्या नळीचा हजाराच्या घरात जातो. हे आकडे वाचले की कोणालाही वाटेल, चिमूटभर पूड रेझिनमध्ये ढवळली की झालं.

मीही आधी तेच केलं. एलवाय ५५६ हे इपॉक्सी रेझिन भारतातल्या कितीतरी लॅबमध्ये सापडतं, घट्ट मधासारखं. त्यात कोरी पूड टाकून ढवळली. मिश्रण काळं झालं, पण काचेच्या पट्टीवर एक थेंब पसरून उजेडासमोर धरला तर आत ठिपकेच ठिपके. पूड विरघळली नव्हती, तिचे गुंते तसेच तरंगत होते. आणि नळी एकटी सुटली तरी तिची बाहेरची भिंत म्हणजे ग्राफाइटचाच पत्रा. पेन्सिल कागदावर सहज चालते ती ग्राफाइटचे थर एकमेकांवरून घसरतात म्हणून. अशा गुळगुळीत भिंतीला रेझिन धरणार कुठे? ताण आला की नळी रेझिनमधून सुरीसारखी सटकन बाहेर येते, आणि तिच्या त्या हजार गिगापास्कलचा कोणालाच उपयोग होत नाही.

म्हणून ॲसिड. तीव्र सल्फ्युरिक आणि नायट्रिक यांचं मिश्रण, आकारमानाने तीनास एक. ते नळीच्या भिंतीतल्या कार्बनच्या जाळीला जिथे जिथे खोट असेल तिथे धरतं, जाळी उघडतं, आणि उघड्या टोकांवर ऑक्सिजनचे गट बसवतं: हायड्रॉक्सिल, कार्बोनिल आणि सगळ्यात हवे असलेले कार्बोक्सिल. या गटांना हार्डनरमधलं अमाइन, म्हणजे त्यातलं नायट्रोजनचं संयुग, धरू शकतं, किंवा आपण त्यांच्यावर आणखी काही जोडू शकतो. एक ग्रॅम पुडीचा पृष्ठभाग २०० चौरस मीटरच्या आसपास भरतो, म्हणजे जवळपास दीड कबड्डीचं मैदान. एवढ्या सगळ्या जमिनीवर हे गट पेरायचे.

पहिल्या बॅचला मी एक ग्रॅम पूड घेतली, ९० मिली सल्फ्युरिक, ३० मिली नायट्रिक. बर्फात बसवलेल्या नायट्रिकमध्ये सल्फ्युरिक हळूहळू सोडायचं, उलट नाही. फ्लास्क अगदी कोरडा हवा, आणि तो वाळवायला ॲसिटोन वापरलेला नसावा. लॅबमध्ये काचेची भांडी ॲसिटोनने विसळून वाळवायची सगळ्यांनाच सवय असते. पण नायट्रिक ॲसिड आणि ॲसिटोन, किंवा नायट्रिक आणि अल्कोहोल, यांची गाठ पडली तर स्फोट होऊ शकतो. या कामाचे फ्लास्क मी वेगळ्या कप्प्यात ठेवले आणि त्यावर लाल चिकटपट्टी लावली. लाल पट्टीच्या भांड्याला ॲसिटोनची बाटली दाखवायचीसुद्धा नाही, हा नियम शेवटपर्यंत पाळला.

मग सत्तर अंशांवर सहा तास. सहा का, तर जितके जास्त तास तितके जास्त गट, असा माझा हिशेब. फ्यूम हूडच्या, म्हणजे वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटाच्या, काचेआड कंडेन्सरमध्ये तपकिरी-लालसर वाफ चढत होती, ती नायट्रोजन डायऑक्साइड. संध्याकाळी सगळं थंड करून एक लिटर बर्फगार डिस्टिल्ड वॉटरमध्ये बारीक धारेने ओतलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी काळा गाळ तळाशी आणि वर पिवळसर ॲसिड. वरचं ॲसिड मी वेस्टच्या बाटलीत काढलं आणि बूच घट्ट लावलं. ही माझी चूक होती. दुपारी बाटलीतून फुसफुस आवाज यायला लागला आणि बुचाच्या कडेने तपकिरी वायू निघाला. लॅबच्या मामांनी तो आधी पाहिला. ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, "ताई, मागं सरका," आणि हूडची काच खाली ओढून सगळ्यांना बाहेर काढलं. त्यानंतर वेस्टच्या बाटलीला कायम हवा जाणारं बूच, आणि ती हूडच्या आतच.

आता धुणं. बुखनर फनेल, व्हॅक्यूम पंप, आणि गाळणी म्हणून ०.२२ मायक्रॉन भोकांचं पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) मेम्ब्रेन. साधं सेल्युलोजचं मेम्ब्रेन या ॲसिडपुढे टिकत नाही. पहिलं पाणी पाच मिनिटांत खाली गेलं, स्वच्छ. दुसरंही. पीएच पेपर लालच. चौथ्या-पाचव्या पाण्यापासून वेग मंदावत गेला. मला वाटलं मेम्ब्रेन बुजलं, म्हणून बदललं, तरी तेच. कारण नंतर कळलं. पाणी आंबट असतं तोवर कार्बोक्सिल गटांवर भार नसतो, नळ्या एकमेकींना धरून गोळा होतात, आणि गोळ्यांमधून पाणी सहज वाट काढतं. आंबटपणा गेला की तेच गट ऋण भार घेतात, नळ्या एकमेकींना दूर लोटतात, सुट्या होतात आणि मेम्ब्रेनवर सपाट, दाट थर होऊन बसतात. म्हणजे धुणं जड जायला लागलं तर ते प्रक्रिया साधल्याचंच लक्षण. हे ठाऊक नसताना मात्र पंपाच्या घरघरीत बसून एकेक थेंब पडताना बघणं फार अवघड जातं. शेवटचं शंभर मिली पाणी उतरायला सकाळचे अकरा ते संध्याकाळचे सहा लागले. पीएच साडेसहावर आला आणि मी थांबले.

त्या बॅचने माझी छाती फुगवली, हे खरं आहे. चिमूटभर पूड पाण्यात टाकून हलवली तर पाणी शाईसारखं काळं झालं आणि महिनाभर तसंच राहिलं. कोऱ्या पुडीची बाटली शेजारी ठेवलेली, तिच्यात दहा मिनिटांत सगळं तळाला. एफटीआयआर काढला, म्हणजे पुडीवर कोणते गट आहेत ते इन्फ्रारेड प्रकाशाने दाखवणारा आलेख. (त्यासाठी पूड केबीआरमध्ये, म्हणजे पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये, दाबून गोळी करतात. या गोळीत मोहरीच्या दाण्याइतकी पूडसुद्धा जास्त होते, गोळी काळी ठिक्कर पडून प्रकाश पार होत नाही, तेव्हा अगदी कणभर घ्यावी.) १७२० च्या जवळ कार्बोनिलचा ठसठशीत खळगा होता. मी तो आलेख छापून टेबलासमोर चिकटवला.

मग पूड ऐंशी अंशांवर व्हॅक्यूम ओव्हनमध्ये वाळवली, खलात कुटली, रेझिनमध्ये ०.३ टक्के मिसळली, शंभराला दहा या प्रमाणात एचवाय ९५१ हार्डनर घातला, साचे भरले आणि एएसटीएम डी ६३८ मानकाचे डमरूच्या आकाराचे नमुने टेन्साइल मशीनवर ओढले. पाचच्या पाच नमुने साध्या इपॉक्सीच्या आधी तुटले. कोऱ्या, ॲसिड न लावलेल्या पुडीचे नमुनेसुद्धा त्यांच्यापेक्षा बरे निघाले.

दोन दिवस मी मशीनचे ग्रिप तपासत बसले, मग साच्यातले बुडबुडे. बुडबुडे होते, पण सगळ्याच नमुन्यांत होते. मॅडमनी माझी वही मागितली आणि सहा तासांच्या नोंदीवर बोट ठेवलं. "इतकं कशाला शिजवलंस?" त्या म्हणाल्या. "आणि पातळ कॉस्टिकने धुतलंस का?" नव्हतं धुतलं. ज्या लेखांवरून मी कृती उचलली होती त्यांत पाण्यानेच धुतलं होतं, आणि पीएच आला की थांबले होते.

पातळ कॉस्टिक सोड्यात ती पूड तासभर ढवळली आणि गाळली. खाली फ्लास्कमध्ये उतरलं ते पाणी नव्हतं, कडक काळा चहा होता. मी घाबरले. वाटलं की मेम्ब्रेन फाटलं आणि नळ्याच खाली आल्या. तेच पाणी नव्या मेम्ब्रेनमधून पुन्हा दोनदा गाळलं. वर काही राहिलं नाही, रंग तसाच. नळ्यांचं पाणी करडं-काळं दिसतं, हे तपकिरी होतं, आणि उजेडासमोर धरलं तर आरपार दिसत होतं. मामा भांडी न्यायला आले होते, ते थांबून बघायला लागले आणि म्हणाले, "याचा रंग जातोय, ताई."

त्यांनी सहज म्हटलं, पण त्या तपकिरी पाण्याचा अर्थ मला त्या शब्दात लागला. आई नवी सुती साडी पहिल्यांदा वेगळीच भिजवते. बादलीतलं पाणी लाल होतं, आणि ती म्हणते, कच्चा रंग निघून जाऊ दे. रिॲक्टिव्ह डाय वापरून कापड रंगवतात तिथेही हेच. डायचा काही भाग धाग्याशी रासायनिक बंधाने जोडला जातो, काही भाग पाण्याशीच जोडला जाऊन धाग्यावर नुसता बसून राहतो. तो साबणाच्या गरम पाण्याने काढला नाही तर कापड पक्कं होत नाही.

माझ्या नळ्यांवर तेच झालं होतं. सहा तासांत ॲसिडने नळीच्या भिंती आणि पुडीतला मूळचा अव्यवस्थित कार्बन कुरतडून त्याचे बारीक तुकडे केले होते. ते तुकडे काठोकाठ कार्बोक्सिल गटांनी भरलेले, पण आकाराने सपाट, त्यामुळे नळीच्या भिंतीला नुसते चिकटून बसलेले. आंबट किंवा साध्या पाण्यात ते सुटत नाहीत, अल्कलीत सुटतात. जमिनीतलं ह्युमिक द्रव्य अल्कलीत उतरतं, तसंच. एफटीआयआरमधला तो ठसठशीत खळगा बराचसा या तुकड्यांचा होता. पाण्यात महिनाभर तरंगणाऱ्या नळ्यांना तेच तुकडे साबणासारखे तोलून धरत होते. आणि रेझिनने हात धरला तो या मळाचा, नळीचा नाहीच. मळ रेझिनला घट्ट, पण नळीवर सैल. ताण आला की तिथूनच सुटणार.

कॉस्टिकने मी सात वेळा धुतलं. चहा हळूहळू फिका होत गेला, मग लिंबू सरबतासारखा, मग पाणी. त्यानंतर एकदा अगदी पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड, म्हणजे सोडियमने अडवलेले गट पुन्हा मोकळे व्हावेत, आणि शेवटी पाणी. वाळवून वजन केलं तर भरपूर घटलं होतं. नव्या एफटीआयआरमध्ये खळगा लहानसा उरला. भिंतीवरचा जुना आलेख मी काढून वहीत ठेवला.

थर्मल विश्लेषणातही, म्हणजे पूड तापवत तिचं वजन मोजायच्या चाचणीत, हेच दिसलं. कॉस्टिकआधीची पूड दोनशे अंशांपासूनच वजन गमवायला लागायची, धुतल्यावर तो उतार जवळपास नाहीसा झाला. या चाचणीतलं एक दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. कोरी पूड हवेत पूर्ण जाळली की छोट्या पॅनमध्ये तांबूस-केशरी राख उरते. ते लोखंडाचं ऑक्साइड, नळ्या ज्या उत्प्रेरकावर वाढल्या त्याचं. काळ्या पुडीच्या पोटातून असा विटेच्या रंगाचा कण निघतो. ॲसिडने धुतलेल्या पुडीत तो खूप कमी असतो, म्हणजे ॲसिडचा हाही एक उपयोग.

रामन, म्हणजे लेझरच्या प्रकाशाने जाळी तपासणारी चाचणी, आम्ही दुसऱ्या संस्थेत जाऊन केली. १३५० जवळचं डी शिखर जाळीतली मोडतोड दाखवतं, १५८० जवळचं जी शिखर शाबूत ग्राफाइट. सहा तासांच्या बॅचमध्ये डी चढलेलं होतं, कॉस्टिकनंतर थोडं उतरलं, पण कोऱ्या पुडीइतकं खाली आलं नाही. म्हणजे मळ गेला तरी भिंतीला झालेली इजा राहिली. आणि ही इजा नेमकी वाईट जागी होते. अनेक भिंतींच्या नळीत भार मुख्यतः सगळ्यात बाहेरची भिंत पेलते. आतल्या भिंतींशी तिची पकड इतकी ढिली की तुटताना बाहेरची भिंत फाटते आणि आतल्या नळ्या म्यानातून तलवार निघावी तशा बाहेर सरकतात. ॲसिड कुरतडतं ती हीच बाहेरची भिंत. गट हवेत तर भिंत फोडावी लागते, आणि भार पेलायचा तर भिंत शाबूत लागते. या दोन टोकांच्या मध्ये किती तास, किती तापमान, हे प्रत्येकाच्या पुडीवर ठरतं. माझ्यापुरतं साठ अंश आणि दोन तास ठरलं, पाच बॅच करून.

वाळवणंही मी सोडून दिलं. ओल्या नळ्यांमधलं पाणी उडताना त्या एकमेकींना ओढून घेतात आणि कोळशाच्या चिपांसारखे कडक तुकडे होतात. ते खलात कुटले तर बारीक होतात, सुटे होत नाहीत. म्हणून शेवटच्या पाण्यानंतर, ॲसिडचा अंशही उरला नाही याची पीएचवर खात्री करून, फनेलवरच ॲसिटोनने पाणी हटवायचं आणि नळ्या ओल्या पेस्टच्या रूपात झाकून ठेवायच्या. थोडी पेस्ट वाळवून तिच्यात नळ्या किती ते काढलं की हिशेब जमतो. ही पेस्ट ॲसिटोनमध्ये प्रोब सोनिकेटरने, म्हणजे अल्ट्रासाउंडच्या कंपनांनी, फोडायची, खाली बर्फ, थांबत थांबत. फार वेळ चालवलं तर नळ्या तुटून आखूड होतात. मग रेझिन मिसळून ॲसिटोन उडवायचं, आणि वजन स्थिर होईपर्यंत उडवतच राहायचं. जरा ॲसिटोन उरलं तर इपॉक्सी मऊ पडतं आणि दोष नळ्यांवर जातो. एका बॅचला मला तीन दिवस लागले, पण काचेच्या पट्टीवरचा थेंब पहिल्यांदाच एकसारखा राखाडी दिसला.

मास्क आणि ग्लोव्हजबद्दल दोनच शब्द. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१४ साली एका विशिष्ट प्रकारच्या, लांब आणि ताठ नॅनोट्यूबला माणसाला कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत टाकलं. बाकीच्यांबद्दल ठरवण्याइतका पुरावा नाही असं म्हटलं. मी माझी पूड त्या पहिल्या प्रकारातली आहे असं समजूनच वागले. कोरडी पूड हूडच्या आतच, सांडलं तर झाडू नाही, ओलं फडकं. पेस्टचा हाही फायदा की ती उडत नाही.

जुलैत आणखी एक अडचण आली. मुंबईची हवा अशी की एचवाय ९५१ ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, आणि नमुन्याच्या वरच्या बाजूवर पांढरट, मेणचट थर येतो. त्याला अमाइन ब्लश म्हणतात. कोमट पाण्याने पुसला की जातो, पण तेवढं अमाइन वाया गेलेलं असतं आणि वरचा थर कच्चा राहतो. मग साचे भरले की वर काच ठेवायला लागले, आणि खोलीत एसी सकाळपासून.

सप्टेंबरच्या शेवटी दोन तासांच्या, कॉस्टिकने धुतलेल्या बॅचचे नमुने मशीनला लावले. पाचही साध्या इपॉक्सीच्या वर गेले. खूप वर नाही, आणि हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण ०.३ टक्के नळ्यांनी ताकद दुप्पट होत नाही. जास्त फरक दिसला तो भेग पुढे सरकायला लागणाऱ्या जोरात. तुटलेल्या तोंडावर सोन्याचा पातळ थर देऊन आम्ही ते इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ठेवलं. पहिल्या बॅचच्या फोटोंत लांबच लांब नळ्या बाहेर लोंबत होत्या आणि शेजारी त्या जिथून निघाल्या ती स्वच्छ, गोल भोकं. या वेळी भोकं जवळपास नव्हती. आखूड, उजळ टोकं होती, काहींच्या मुळाशी रेझिनची बारीक टेकडी चढलेली. मॅडमनी एका टोकावर झूम करायला सांगितलं आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हिला सोडलं नाही त्याने."

वीज मात्र या नळ्यांमधून कमी वाहते. भिंतीची जाळी जिथे जिथे फुटली तिथे तिथे तिचा मार्गही तुटला, त्यामुळे माझ्या चांगल्या नमुन्यांचा विद्युत रोध कोऱ्या पुडीच्या नमुन्यांपेक्षा जास्त आला. माझ्या मागच्या वर्षातल्या एकाला ट्रेवर स्थिर वीज साठू नये म्हणून इपॉक्सीचा थर द्यायचा होता. तो माझी धुतलेली पेस्ट मागायला आला. त्याला मी बरणीतली कोरी पूड दिली, हूडची किल्ली दिली, आणि माझ्याजवळचा नवा मास्क.